विजेची भुकटी आणि तिची भाजणी



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेवर वाचून आपल्यापैकी काहींना तो थोडा रुक्ष वाटला असेल. सिरॅमिकची भुकटी, तिला दिलेली उष्णता, ती प्लॅस्टिकमध्ये मिसळून केलेले पदार्थ आणि त्यांतून निघणारी वीज, यांत सामान्य माणसाने रस घ्यावा असे काय आहे? परंतु विषय वाटतो तितका दूरचा नाही. गॅसची शेगडी पेटविण्यासाठी अनेक घरांत खटक्याचा लायटर असतो. त्यात बॅटरी नसते. त्याच्या दांड्यात सिरॅमिकचा एक लहानसा तुकडा बसविलेला असतो. खटका दाबला की स्प्रिंगच्या जोराने एक छोटी हातोडी त्याच्यावर आपटते, त्या आघाताने तुकड्याच्या दोन टोकांत हजारो व्होल्टचा फरक उत्पन्न होतो आणि ठिणगी उडते. दाबातून वीज निर्माण होण्याच्या या गुणाला शास्त्रात दाबविद्युत् असे नाव आहे.

हा गुण प्रथम १८८० साली पॅरिसमध्ये झाक आणि पिअर क्यूरी या दोघा भावांनी दाखवून दिला. क्वार्ट्झ, तोरमल्ली, रोशेल मीठ अशा काही स्फटिकांवर दाब दिला असता त्यांच्या पृष्ठांवर विद्युत् भार जमा होतो, असे त्यांना आढळले. पुढच्याच वर्षी त्याची उलट बाजूही सिद्ध झाली : अशा स्फटिकाला विद्युत् दाब दिला तर तो किंचित आकुंचन-प्रसरण पावतो. पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांचा शोध घेण्यासाठी पॉल लांजव्हँ यांनी पोलादी पट्ट्यांच्यामध्ये क्वार्ट्झचे तुकडे बसवून पाण्यात श्राव्यातीत ध्वनी सोडला, तो याच गुणाच्या बळावर. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिका, रशिया आणि जपान या तीन देशांत स्वतंत्रपणे बेरियम टायटॅनेट या सिरॅमिकाचे विलक्षण विद्युत् गुण उघडकीस आले. १९५४ साली अमेरिकेत शिसे, झिर्कोनियम आणि टायटॅनियम यांच्या ऑक्साइडांपासून केलेले लेड झिर्कोनेट टायटॅनेट पुढे आले. त्याला आद्याक्षरांवरून पीझेडटी म्हणतात. लायटरमधला तुकडा बहुधा याचाच असतो.

आता मातीच्या भांड्याच्या कुळातल्या या पदार्थाला वीज कोठून येते, ते पाहू. बेरियम टायटॅनेटच्या स्फटिकाचे सर्वांत लहान घर, म्हणजे ज्याची पुनरावृत्ती होऊन सारा स्फटिक बनतो ते, सुमारे चार अँगस्ट्रॉम लांबीचे असते. एका सेंटिमीटरचे दहा कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक अँगस्ट्रॉम. पदार्थ चांगला तापलेला असताना हे घर अचूक घनाकृती असते आणि टायटॅनियमचा अणू बरोबर मध्यभागी बसलेला असतो. तापमान सुमारे १२० अंश सेंटिग्रेडच्या खाली आले की घर एका दिशेने किंचित लांबते : दोन बाजू ३.९९ अँगस्ट्रॉम, तर तिसरी ४.०३. मध्यभागचा अणूही थोडा सरकतो. हा फरक शेकडा एकाएवढाच. पण त्या एका टक्क्यात सारी करामत आहे. अणू सरकल्यामुळे घराच्या एका अंगाला धन आणि दुसऱ्या अंगाला ऋण भार येतो, म्हणजे प्रत्येक घर एक चिमुकला विद्युत् द्विध्रुव होते. ज्या तापमानाला हे स्थित्यंतर घडते त्याला क्यूरी तापमान म्हणतात.

शेजारशेजारची घरे एकाच दिशेला तोंड करून वस्त्या करतात, परंतु निरनिराळ्या वस्त्यांची तोंडे निरनिराळ्या दिशांना असतात. जत्रेच्या गर्दीत जसा कोणी इकडे पाहतो तर कोणी तिकडे, तसा हा प्रकार. सगळ्यांची बेरीज शून्य होते आणि बाहेर काही जाणवत नाही. म्हणून सिरॅमिकाला एकदा गरम तेलात ठेवून जोरदार विद्युत् क्षेत्र लावतात. त्या ओढीने बहुतेक वस्त्या एका दिशेला वळतात आणि क्षेत्र काढून घेतल्यावरही बव्हंशी तशाच राहतात. गर्दीची दिंडी झाली म्हणा ना! या क्रियेला ध्रुवण म्हणतात. ध्रुवण झाल्याशिवाय सिरॅमिक दाबविद्युत् देत नाही, ही गोष्ट मनाशी पक्की धरून ठेवावी. पुढे तिची गरज पडणार आहे.

मग इतके उत्तम पीझेडटी हाती असताना त्याची भुकटी करून प्लॅस्टिकमध्ये कालविण्याचा खटाटोप कशासाठी? कारण या सिरॅमिकाच्या अंगी गुणांइतकेच दोषही आहेत. ते जड आहे, ठिसूळ आहे, वाकत नाही. शरीरावर गुंडाळता येईल किंवा नावेच्या वक्र पृष्ठावर चिकटविता येईल अशी त्याची पातळ चादर करता येत नाही. दुसरे असे की, ध्वनीच्या दृष्टीने त्याचे आणि पाण्याचे जमत नाही. ध्वनिलहरीला पदार्थ जो विरोध करतो तो पाण्याच्या मानाने पीझेडटीत सुमारे वीसपट असतो. त्यामुळे पाण्यातून किंवा शरीरातून आलेली लहर त्याच्यावर सरळ येऊन आदळली, तर तिच्या शक्तीचा शेकडा ऐंशीहून अधिक भाग परत फिरतो.

तिसरा दोष पाण्याखालच्या कामात फार जाणवतो. पीझेडटीच्या एका प्रचलित जातीत ध्रुवणाच्या दिशेने एक न्यूटन बल दिले तर ३७४ पिकोकूलोंब भार मिळतो. परंतु आडव्या दोन दिशांनी दाबले तर प्रत्येकी १७१ पिकोकूलोंब भार उलट चिन्हाचा येतो. खोल पाण्यात वस्तूवर दाब एका बाजूने येत नाही, सर्व बाजूंनी सारखा येतो. तेव्हा ३७४ मधून १७१ ची दुप्पट, म्हणजे ३४२, वजा करा. उरतात फक्त ३२! एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घ्यावे, तसा हा व्यवहार झाला. पाण्यातले आवाज ऐकणारे जे हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातले कान, त्यांच्यासाठी ही मोठीच अडचण आहे.

याच्या उलट टोकाला प्लॅस्टिक आहे. १९६९ साली जपानमध्ये हेईजी कावाई यांनी पॉलिव्हिनिलिडीन फ्लुओराइड या बहुवारिकाची पातळ फीत ताणून व ध्रुवण करून तिच्यात दाबविद्युत् असल्याचे दाखविले. फीत लवचिक, हलकी आणि पाण्याशी जुळवून घेणारी. पण तिचा भार पीझेडटीच्या दहाव्या हिश्शाइतकाही नाही. मग दोघांची सोयरीक का करू नये? १९७८ मध्ये अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातील न्यूनम, स्किनर आणि क्रॉस यांनी अशा संमिश्रांचे शास्त्रशुद्ध वर्गीकरण मांडले. कोणता घटक किती दिशांनी सलग आहे, एवढाच प्रश्न त्यांनी विचारला. प्लॅस्टिकमध्ये सिरॅमिकाच्या काड्या उभ्या रोवल्या तर काडी एका दिशेने सलग आणि प्लॅस्टिक तिन्ही दिशांनी. म्हणून हे १-३ जातीचे संमिश्र. रुग्णालयांतील सोनोग्राफीच्या यंत्रांत या जातीचा मोठा उपयोग झाला. आपला आजचा विषय मात्र ०-३ जातीचा आहे. त्यात सिरॅमिकाचा प्रत्येक कण सुटा आणि भोवती प्लॅस्टिक सलग. शेंगदाण्याची चिक्की डोळ्यांसमोर आणा : दाणे सुटे, गूळ सलग. चिक्की जशी लाटता येते, कापता येते, तसेच हे संमिश्र ओतता, लाटता, दाबता येते. रंगासारखे फासताही येते. करायला सर्वांत सोपे तेच. परंतु त्यातून भरपूर वीज मिळविणे सर्वांत कठीणही तेच.

का कठीण, याचे उत्तर भट्टीत आहे.

नेहमीचे सिरॅमिक करताना भुकटी दोनदा आगीत जाते. प्रथम ऑक्साइडे मिसळून ८०० ते ९०० अंशांच्या सुमारास भाजतात. त्यात रासायनिक संयोग होऊन पीझेडटी तयार होते. ते दळून बारीक करतात, दाबून वड्या पाडतात आणि मग १२०० ते १३०० अंशांच्या दुसऱ्या आगीत घालतात. तेथे कण कणाला सांधतो, स्फटिक वाढतात, उणिवा भरून निघतात. म्हणून पहिल्या भाजणीत थोडे कमी-जास्त झाले तरी कुंभार निर्धास्त असतो. दुसरी आग सांभाळून घेणार असते. किंबहुना पहिली भाजणी त्याला बेताचीच हवी असते, कारण बारीक, चंचल कण पुढे चांगले सांधतात.

आता हीच भुकटी चिक्कीत घाला. प्लॅस्टिक एकदा आले की आग संपली. कावाई यांचे बहुवारिक सुमारे १७० अंशांवर वितळते. एपॉक्सी किंवा सिलिकोन रबर घेतले तरी त्यांना सहाशे-आठशे अंश दाखविण्याची सोय नाही. म्हणजे या भुकटीच्या नशिबी दुसरी आग नाही. तिच्या अंगी जे गुण यायचे ते प्लॅस्टिकशी गाठ पडण्यापूर्वीच आले पाहिजेत. वड्यांसाठी उत्तम ठरलेली भुकटी संमिश्रात निस्तेज का ठरते, याचे कारण येथे आहे. वडीत ती केवळ कच्चा माल होती. संमिश्रात तीच पक्का माल आहे.

आपल्या घरांतून थालीपिठाची भाजणी करतात. प्रत्येक धान्य वेगळे, त्याच्या त्याच्या मानाने खमंग भाजायचे आणि मग दळायचे. भाजल्यावर दळण, हा तेथला क्रम. आपल्या भुकटीच्या बाबतीत मात्र एवढ्यावर भागत नाही. भाजावे, दळावे आणि दळल्यावर पुन्हा एकदा भाजावे लागते. ही तिसरी पायरी कशासाठी, ते नीट समजून घेऊ.

दळताना काय होते? गिरणीच्या फिरत्या भांड्यात कठीण गोळ्या कणांवर तासन् तास आदळत असतात. कण फुटतात, बारीक होतात. परंतु फुटताना ते आतून चेपले, मुरगळले जातात. पृष्ठभागावरची अणूंची नीटनेटकी रचना विस्कटते आणि तिचे ताण खोलवर पसरतात. पुण्याच्या तांबट आळीत हंड्यावर ठोके घालणारा कारागीर ही गोष्ट पुस्तक न वाचता जाणतो. ठोकून ठोकून तांबे ताठर होते, आणखी ठोकले तर चिरते. म्हणून तो मधूनमधून भांडे आगीत लाल करून घेतो. धातू पुन्हा मऊ पडतो आणि हातोडीला वश होतो. सिरॅमिकाचा कण तांब्यासारखा मऊ पडत नाही, हे खरे. परंतु आगीत त्याचे अणूही हालचाल करून आपापल्या जागी परततात आणि आतला ताण निवळतो.

ताण निवळण्याला एवढे महत्त्व का? मघाशी सांगितलेल्या वस्त्यांच्या सीमा आठवा. ध्रुवणाच्या वेळी या सीमा सरकल्या पाहिजेत, तरच वस्त्या वळणार. विस्कटलेली रचना आणि दबलेला ताण या सीमांना खुंट्यांसारखे अडकवून ठेवतात. वीज ओढते आहे, पण वस्ती हलत नाही, अशी स्थिती होते.

विस्कटलेला थर किती जाडीचा असेल? उदाहरणादाखल तो एका मायक्रॉनचा शंभरावा भाग जाडीचा आहे असे धरू. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. कण दहा मायक्रॉन व्यासाचा असला तर या थरात कणाचा शेकडा अर्ध्याहून थोडाच अधिक भाग जातो. कण एक मायक्रॉनचा असला तर शेकडा सहा. आणि कण एक दशांश मायक्रॉनचा असला तर जवळजवळ निम्मा कण थरातच संपतो! बारीक दळावे तितके चांगले, हा समज चटणीला लागू असेल, येथे नाही. दळण जसजसे बारीक, तसतशी नंतरच्या भाजणीची निकड मोठी.

कण फार लहान झाले की आणखी एक गोष्ट घडते. बेरियम टायटॅनेटचे कण मायक्रॉनच्या एक दशांशाच्या आसपास व त्याखाली गेले की ती शेकडा एकाची लांबट घडण ओसरू लागते आणि घर पुन्हा घनाकृतीकडे झुकते. घर घनाकृती झाले की द्विध्रुव गेला. अशी भुकटी रासायनिकदृष्ट्या शुद्ध बेरियम टायटॅनेटच असते. पृथक्करण करणारा रसायनज्ञ तिच्यात काडीचाही दोष काढणार नाही. पण विजेच्या दृष्टीने ती निद्रिस्त असते. तिला पुरेशी उष्णता दिली तर लहान कणांतून मोठे स्फटिक वाढतात आणि लांबटपणा परततो. हे पाहण्याचे साधन म्हणजे क्ष-किरण. भुकटीवर क्ष-किरण सोडले असता, घर लांबट असेल तर काही ठिकाणी शेजारी शेजारी दोन रेषा उमटतात, एक लांब बाजूची व एक आखूड बाजूची. निद्रिस्त किंवा फार दळलेल्या भुकटीत त्या पसरट होऊन एकमेकींत मिसळतात. नीट भाजल्यावर त्या पुन्हा वेगळ्या दिसू लागतात.

उष्णतेचे तिसरे काम साधे, पण दुर्लक्षिले जाणारे आहे. बारीक भुकटी हवेतील ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड धरून ठेवते. पाण्यात शिजवून केलेल्या बेरियम टायटॅनेटात तर पाण्याचे अवशेष स्फटिकाच्या आतही अडकलेले असतात. हे सारे शंभर अंशांच्या वाळवणीने जात नाही. काही शे अंशांचा ताव लागतो. ओलावा राहिला तर ध्रुवणाच्या वेळी वीज त्या वाटेने झिरपते, आणि प्लॅस्टिकही कणाला घट्ट धरीत नाही.

आता कोणी विचारील, की कणाच्या अंगी थोडी उणीव राहिली तर विद्युत् क्षेत्र थोडे वाढवावे. त्यात एवढे काय? येथेच ०-३ संमिश्राची खरी गोम आहे. पदार्थ विद्युत् क्षेत्राला किती शोषून घेतो त्याचे माप म्हणजे त्याचा अपार्यतांक. पीझेडटीचा हा अंक हजाराच्या घरात, तर एपॉक्सीचा चाराच्या आसपास. दोन्ही एकत्र असले की क्षेत्र बहुतांशी कमी अंकाच्या पदार्थात, म्हणजे प्लॅस्टिकमध्ये, राहते. प्लॅस्टिकमध्ये एकटा गोल कण आहे असे धरले तर जुन्या विद्युत्शास्त्रातील हिशोब असा : प्लॅस्टिकच्या अंकाची तिप्पट करा आणि तिला, कणाचा अंक अधिक प्लॅस्टिकच्या अंकाची दुप्पट, या बेरजेने भागा. बारा भागिले एक हजार आठ, म्हणजे कणाच्या वाट्याला बाहेरच्या क्षेत्राचा चौऱ्याऐंशीवा हिस्सा! कणाच्या ध्रुवणाला दर मिलिमीटरला दोन हजार व्होल्ट लागत असतील तर बाहेर एक लाख अडुसष्ट हजार लावावे लागतील, आणि एपॉक्सी तर वीस हजारांच्या आसपासच फुटते.

प्रत्यक्षात स्थिती इतकी निराशाजनक नसते. कण दाटीने भरले की ते एकमेकांना आधार देतात. शिवाय क्षेत्र बराच वेळ लावून ठेवले तर त्याची वाटणी अपार्यतांकापेक्षा विद्युत्वहनावर ठरू लागते. म्हणून संमिश्र गरम ठेवून ध्रुवण करतात, किंवा १९८० च्या दशकात पेनसिल्व्हेनियातील संशोधकांनी केले त्याप्रमाणे प्लॅस्टिकमध्ये चिमूटभर काजळी मिसळतात. तरीही कणापर्यंत पोहोचणारे क्षेत्र काटकसरीचेच राहते. वडीच्या ध्रुवणात उधळपट्टी चालते, येथे प्रत्येक व्होल्टचा हिशोब आहे. त्यातच कणाभोवती विस्कटलेला, कमी अपार्यतांकाचा थर असला तर तो मध्येच दलालासारखा उभा राहून क्षेत्राचा मोठा वाटा स्वतः गिळतो. म्हणून नीट भाजलेला, निवळलेला, थोड्या क्षेत्रालाही वळणारा कण या संमिश्राला हवा असतो. भाजणीचा परिणाम वडीपेक्षा संमिश्रात ठळकपणे दिसतो तो यामुळे.

तर मग भरपूर भाजावे, म्हणजे झाले! असेही नाही. भाजणी करपली की थालीपीठ कडू होते, हे सांगायला शास्त्रज्ञ नको. अधिक उष्णतेचे दोन तोटे आहेत. पहिला असा की कण एकमेकांना चिकटून घट्ट गठ्ठे होतात. त्या गठ्ठ्यांच्या फटींत प्लॅस्टिक शिरत नाही. तेथे हवा राहते, आणि ध्रुवणाच्या वेळी त्या हवेच्या पोकळीतूनच ठिणगी पडून नमुना फुटतो. गठ्ठे फोडायला पुन्हा दळावे, तर पुन्हा ताण! म्हणजे सगळे मुसळ केरात. दुसरा तोटा शिशाचा. शिशाचे ऑक्साइड ८८८ अंशांवर वितळते आणि त्या सुमारापासून त्याची वाफ लक्षणीय प्रमाणात उडू लागते. पीझेडटीच्या पृष्ठभागातून शिसे गेले की तेथे दाबविद्युत् नसलेला निःसत्त्व थर उरतो. ज्या थराची हकालपट्टी करण्यासाठी भाजणी केली, तसाच थर भाजणीनेच पुन्हा निर्माण केला! शिवाय बारीक कणांना वड्यांच्या मानाने पृष्ठभाग फार, त्यामुळे हा धोकाही अधिक. म्हणून झाकणाच्या मुशीत, भोवती शिसेयुक्त भुकटी ठेवून भाजण्याची रीत आहे. ताव असा साधावा लागतो की तो क्यूरी तापमानाच्या बराच वर असावा, स्फटिक सुधारावेत, पण कण एकमेकांत सांधण्याच्या आत थांबावा. हा बिंदू प्रत्येक भुकटीचा वेगळा. कण किती बारीक, किती वेळ दळले, किती वेळ तापविले, किती सावकाश निवविले, यांवर तो ठरतो. गहू आणि हरभरा एकाच तावावर भाजता येत नाहीत, तसेच हे.

दळण्याचे दुखणे मुळातच टाळण्याची एक चतुर युक्तीही आहे. शुद्ध लेड टायटॅनेटचे घर क्यूरी तापमानाखाली, म्हणजे सुमारे ४९० अंशांखाली, शेकडा सहाहून अधिक लांबते. निवताना एवढा फरक शेजारच्या स्फटिकांना सोसत नाही, आणि भट्टीतून काढलेली वडी आपोआप भुगा होते. वड्या करणाऱ्यांना हा शाप; पण भुकटी हवी असणाऱ्यांनी त्याचे वरदान केले. अशा जातीचे सिरॅमिक, विशेषतः बिस्मथ फेराइट मिसळलेले, तप्त असताना एकदम पाण्यात बुडविले की ते स्फटिकांच्या सीमांवर तडकून सुटे होते. गिरणीचे घाव न लागलेले कण मिळतात. येथे भाजणीबरोबर निवविणे हेही उष्णतोपचाराचेच अंग झाले.

या सगळ्या खटपटीचे फळ काय? ०-३ संमिश्राचा भार पीझेडटीच्या वडीइतका होत नाही. तो बहुधा शंभर पिकोकूलोंबांच्या आतच राहतो. परंतु ध्वनी ऐकण्याच्या कामी भारापेक्षा मिळणारा व्होल्टेज महत्त्वाचा, आणि तो भार भागिले अपार्यतांक या प्रमाणात असतो. समजा, वडीचा भार ४०० आणि अपार्यतांक १८००. संमिश्राचा भार ४० आणि अपार्यतांक ६०. पहिला भागाकार पाव भागाहूनही कमी, दुसरा दोन तृतीयांश. दहावा हिस्सा भार असूनही संमिश्राची हाक तिपटीने मोठी! त्यात लवचिकपणा आणि पाण्याशी मैत्री ही वर मिळाली. मात्र त्या ४० चे भाजणीअभावी १० झाले तर हा फायदा पार बुडतो, आणि पाण्यातला कान बहिरा होतो. आपल्याकडे पुण्यात पाषाणच्या संरक्षण-संशोधन संस्थेत पीझेडटीचे स्वतंत्र केंद्र उभे राहिले आणि तेथे अशा संमिश्रांवरही काम झाले. तेव्हा हा विषय परदेशी मासिकांपुरता नाही.

याला आरोग्याची बाजूही आहे. पीझेडटीच्या वजनात शेकडा साठाहून अधिक शिसे असते. त्याची बारीक धूळ आणि भट्टीतली वाफ जो कामगार श्वासावाटे घेतो, त्याच्या रक्तात आणि हाडांत ते साठत जाते. झाकणाची मूस ही मालाचे जितके रक्षण करते तितकेच माणसाचेही. युरोपीय संघाने २००६ पासून विद्युत् उपकरणांतील शिशावर निर्बंध लागू केले, पण पुरेसा पर्याय नसल्यामुळे या सिरॅमिकांना त्यातून सवलत द्यावी लागली. २००४ मध्ये जपानमधील सायटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोटॅशियम-सोडियम नायोबेटच्या कुळातले, पीझेडटीच्या जवळ जाणारे शिसेविरहित सिरॅमिक दाखविले, तेव्हापासून या वाटेने पुष्कळांनी चालण्यास सुरुवात केली. परंतु भाजणीचा प्रश्न तेथेही सुटत नाही, उलट अवघड होतो. पोटॅशियम आणि सोडियम हीदेखील आगीत उडून जाणारी द्रव्ये, आणि त्यांचा कच्चा माल हवेतला ओलावा ओढून घेणारा. शिसे गेले तरी तावाची परीक्षा राहतेच.

दोन प्रयोगशाळांची कल्पना करा. दोघींनी एकाच नावाची भुकटी घेतली, एकाच कंपनीचे एपॉक्सी घेतले, प्रमाणही तेच. एकीला चांगली वीज मिळाली, दुसरीला नाममात्र. दुसरीने प्लॅस्टिकला दोष दिला, ध्रुवणाच्या यंत्राला दोष दिला आणि शेवटी हा मार्गच कुचकामी ठरवून टाकला. चूक तिच्या वहीत न लिहिलेल्या एका ओळीत होती : भुकटी दळल्यावर किती अंशांवर, किती वेळ, झाकून की उघडी भाजली. रासायनिक सूत्र म्हणजे पदार्थाचे नाव. त्याच्या अंगी काय आहे ते त्याच्यावर झालेल्या संस्कारांवरून कळते. म्हणून जो कोणी विद्यार्थी या कामाला हात घालील त्याने सूत्राइतक्याच काळजीने भुकटीचा अग्निसंस्कार लिहून ठेवावा, आणि मिसळण्यापूर्वी तिला क्ष-किरणांखाली एकदा पाहून घ्यावे. एकदा प्लॅस्टिकमध्ये गेल्यावर तिची चूक सुधारण्याची संधी कोणालाही मिळत नाही.